रकाना सातवा

हडर्सफील्डच्या कौन्सिलात, दुसऱ्या मजल्यावर,
रेडिएटरला पाठ लावून मी बसते.
काम काय, तर विचारणाऱ्यांना विचारणं:
कोण तुम्ही, काय हवंय, कुठल्या कलमाखाली,
आणि याहून कमी दिलं तर भागणार नाही का?
कारण सातव्या रकान्यात लिहायचं असतं.
लोकांना तो रकाना
घराबाहेर पडल्यावर गॅस आठवावा तसा आठवतो.

सोमवारी अर्ज आला दुसऱ्या खात्याचा.
फोनवर माणूस अगदी सख्ख्या भावासारखा:
"अहो, घरातल्या घरात कसलं आलंय मागणं?"
त्यांना हवी होती कादियातू कोरोमाची माहिती.
पत्ता,
आणि त्या पत्त्यावर आणखी कोण झोपतं.

फाइल उघडीच होती.
बाळाचं वजन, लसींच्या तारखा,
खिडकीखालच्या बुरशीचा फोटो,
आणि घरोघर जाणाऱ्या नर्स ऑल्ड्रॉइडबाईंच्या तिरप्या अक्षरात:
*दीर सोफ्यावर असतो. कागद नाहीत.
रात्री बाळाला तोच फिरवतो, म्हणून आईला झोप मिळते.*

ही ओळ झोपेसाठी लिहिलेली होती.
एका बाईनं दुसरीला सांगितलं, चहा निवेपर्यंत.
चार कान.

आमच्याकडे म्हणतात, गोष्ट षट्कर्णी झाली की संपली.
इथल्या कायद्याला संस्कृत येत नाही,
पण पाचवा कान कुणाचा आणि सहावा कधी
एवढंच तर त्यानं चौऱ्याऐंशी पानांत लिहून ठेवलंय.

माझ्याही दोन फायली आहेत या देशात.
डॉक्टरांकडे मी इंदुमती खोडके.
घरपट्टीवर शर्वाणी दिघावकर,
ताटातल्या तांदळांत अंगठीनं लिहिलेलं नाव,
नवरा गेला तरी राहिलेलं.
गेल्या वर्षी संगणकानं दोघींना शेजारी बसवलं
आणि पत्र धाडलं: या घरात एक बाई जास्त आहे,
एकटीची सूट बंद, खुलासा करा.
केला. अकरा पत्रं.
शेवटी लग्नाचा फोटो पाठवला, तांदळाच्या ताटासकट.
आता ते ताटही कुठल्यातरी फाइलीत असेल.
कोणीतरी मागेल.

कादियातूचा अर्ज मी परत पाठवला. रकाना सातवा कोरा.
यात शौर्य काही नाही, नियमच तसा आहे.
दोन रात्री झोप मात्र छान लागली.

गुरुवारी तोच अर्ज, वर साहेबाची सही,
सातव्यात तीन शब्द: व्यापक सार्वजनिक हित.
कलम बरोबर. तारीख बरोबर.
माझा मॅनेजर म्हणाला, आता आपल्या हातात काय आहे?
हातात फाइल होती.

अर्ज पुन्हा वाचला, सासरचं पत्र वाचतात तसा,
शब्द दाबून दाबून.
मागितलं होतं: पत्त्यावर *नोंदवलेल्या* व्यक्ती.
दीर नोंदवलेला नव्हता.
तो नुसता सांगितलेला होता.

दोन नावं पाठवली. आई. बाळ.
काय दिलं, काय दिलं नाही, याची वही असते;
तिच्यात लिहिलं: बाकीचं मागितलेलं नाही.
ही कायद्याची बारकाई की माझी लबाडी,
रेडिएटर गार होईपर्यंत ठरेना.
आणि पुढच्या गुरुवारी ते शब्द बदलतील,
तेवढं शहाणपण त्यांच्याकडेही आहे.

मग ऑल्ड्रॉइडबाईंना फोन लावला.
म्हणणार होते, इतकं सगळं लिहीत जाऊ नका हो.
पण लिहिलं नाही तर पुढच्या नर्सला
बुरशी कळणार नाही, झोप कळणार नाही.
तोंडातून निघालं भलतंच:
बाळाचं वजन आता किती आहे?

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज.
मग त्या म्हणाल्या,
कशासाठी हवंय तुम्हाला?

बरोबर होतं त्यांचं.
मी फोन ठेवला.