वजा चाळीस

भरमाणी मामा आले तेव्हा मी
एका लंगड्या राजपुत्राचं लग्न जमवत होतो.
वय बारा, डोकं तल्लख, गादीचा पहिला वारस.
खजिन्यात फुटकी कवडी नाही
आणि उत्तरेकडून तीन हजार भाले निघालेले.

मामांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या,
टोपीनं तोंड पुसलं, डायरी मांडीवर ठेवली.
रबरबँड लावलेली डायरी. येळ्ळूरपासून चंदगडापर्यंतची
लग्नाळू पोरं-पोरी तीत कोंबून बसवलेली.
काय करलालास रे, म्हणाले.
म्हटलं, सोयरीक.

त्यांनी खुर्ची ओढली.

इंग्रजी येत नाही त्यांना. गरजही पडली नाही.
चेहरा, बापाचा झेंडा, नकाशावरचा रंग,
एवढ्यावर ते खानदान ओळखायला लागले.
पोरगं राहू दे बाजूला, बारा वर्षांचं हाय.
थोरली बहीण हाय की त्याची.
तिला आधी दे,
मग तिच्या सासरचे येतात बघ भाले घेऊन.

मी समुद्रापलीकडचा मोठा राजा दाखवला.
छे. मोठा माणूस लग्नाला येतो, मयताला येत नाही.
ज्याची शीव आपल्या शिवेला लागते त्याला दे.
त्याच्या घरात आग लागली
तर धूर आपल्या डोळ्यात जायला पाहिजे.

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.
चाळीस वर्षं ते हेच करत आलेत,
तिकडं सातबारा, इकडं उतारा,
शाळेचा दाखला कन्नडात, पत्रिका मराठीत,
आणि मधल्या रस्त्यावर
दोन्ही राज्यांच्या एसट्या एकाच खड्ड्यात आपटतात.

मी माऊस दाबला. सनई नाही, अक्षता नाही,
एक मेणाचा शिक्का उमटला, झालं.
चहा निवेपर्यंत नऊ वर्षं गेली.
भाले आले, जावयाचे घोडेस्वार आले,
भाले परत गेले.
मामांनी मांडीवर थाप मारली
आणि राजहंसगड आपणच राखल्यासारखे
खिडकीतून त्याच्याकडं बघून घेतलं.

एक गोष्ट सांगायची राहिली.
माझा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये होता.
उद्यमबागच्या फौंड्रीत साचा पडला होता त्यावर,
डॉक्टर म्हणाले होते, थोडा आखूड राहील.
आणि मामांच्या डायरीत
माझं नाव नि वैजूचं नाव एकाच पानावर होतं:
गडहिंग्लजच्या चौगुल्यांचा मुलगा तिला,
त्यांची मुलगी मला.
साटंलोटं. लंगड्याला कोण देतंय नाहीतर?

वैजू साडेपाचला आली,
हेस्कॉमच्या कचेरीत दिवसभर आकडे वाचून,
पिशवीत चिरमुऱ्याची पुडी.
आमच्या दोन डोक्यांमधून वाकली.
ही कोण?
दिली तिला, मामा म्हणाले. राज्य वाचलं.
आणि हे वजा चाळीस काय हाय?

तो आकडा तिथंच होता. तांबडा, बारीक,
मुलीच्या चेहऱ्याखाली, पहिल्या दिवसापासून.
मी नऊ वर्षं फक्त घोडेस्वार मोजले होते.
वजा म्हणजे, मामांनी विचारलं.
म्हणजे बापाबद्दल तिच्या मनात जेवढं आहे ते.

मामांनी रबरबँड काढला. परत लावला.
आमच्या थोरलीचं एवढंच असंल, म्हणाले,
हुक्केरीला दिली ती. ती बोलत नाही, म्हणून कळत नाही.
आणि मग, कुणाला ते न कळेल असं,
पत्रात मात्र लिहिते सगळे सुखरूप.

वैजूनं पुडी फोडली. मुठीनं चिरमुरे वाटले,
मामांना, मला, शेवटी स्वतःला.
त्या पानाबद्दल तिनं विचारलं नाही.
माझ्या प्लास्टरवर बोटानं टकटक केलं फक्त,
दार वाजवावं तसं.

तेवढ्यात लाईट गेली.
राजा, वारस, जावई, सगळं अंधारात.
सेव्ह केलं नव्हतं रे, मी ओरडलो.

ठाऊक होतं मला, वैजू म्हणाली.
सहाला जाणारच होती.