डावं-उजवं

बालेवाडीला सकाळी साडेसातचा सामना.
उरुग्वे विरुद्ध मलेशिया.
प्रेक्षक एकोणचाळीस,
त्यातले तीस शाळेच्या बसमधून आणलेले.
कोण कुठल्या बाजूला गोल करणार
हेही त्यांना अजून कुणीतरी सांगायचंय.
मी टेबलावर. पुढे गुणपत्रक, दोन घड्याळं,
हिरव्या, पिवळ्या, लाल कार्डांचे रकाने,
आणि साय धरलेला चहा.

फवारे नुकतेच फिरून गेलेत.
निळ्या टर्फवरून चेंडू जातो
तेव्हा त्याच्यामागे पाण्याची बारीक शेपटी उठते
आणि लगेच मोडते.

सामन्याआधी कर्णधार सह्या करायला आल्या.
उरुग्वेच्या अकरा नंबरनं पेन घेतलं
डाव्या हातात.
कागद तिरका केला, मनगट वरून वळवलं,
शाई फासू नये म्हणून
आम्ही सगळ्या वळवतो तसं.
मी पेन परत घेतलं आणि वेळ लिहिली.
तिनं माझ्या हाताकडे पाहिलं,
मी तिच्या.
तिला मराठी येत नव्हती, मला स्पॅनिश.

खडकीच्या क्वार्टरमध्ये
आई माझा डावा हात चापटीनं खाली करायची.
प्रसाद उजव्यानं घे.
वाण्याला पैसे उजव्यानं दे.
निदान अक्षता तरी उजव्यानं टाक गं, लोक बघतात.
ताटातसुद्धा डावीकडे काय,
मीठ, लिंबू, चटणी.
पोट भरायचं ते सगळं उजवीकडे.
कुणाला डावं म्हणायचं, कुणाला डावलायचं,
शब्द आधीपासून तयारच होते,
मी फक्त त्यात जन्मले.

मग हॉकी. वाटलं, इथं तरी सुटेन.
रत्नवेलू सरांनी पोत्यातून काठ्या ओतल्या.
मी एकेक उचलून बघितली,
सगळ्यांची सपाट बाजू एकाच अंगाला.
"सर, डाव्या हाताची?"
सर हसले नाहीत.
"तसली काठी जगात होत नाही, पोरी.
नियमातच नाही."
मी चप्पल शोधायला लागले.
"थांब. ही धर. वर कुठला हात आला?"
डावा.
"खालचा नुसता जोर लावतो.
काठी फिरवतो कोण?"

पुन्हा कधी ते यावर बोलले नाहीत.
मीही कुणाला सांगितलं नाही, घरी तर नाहीच.
चौदा वर्षं खेळले. रेल्वेकडून खेळले.
एकदा शिबिराचं पत्र आलं,
त्याच्या नऊ दिवस आधी गुडघा गेला होता.
ही तक्रार नाही, नोंद आहे.
नोंदी ठेवणं माझं कामच आहे.

एक्केचाळिसावं मिनिट.
चेंडू तिच्या डाव्या अंगाला, वर्तुळाच्या अगदी कडेला,
समोर दोघी, कोन जवळजवळ मिटलेला.
तिनं काठी पालथी केली,
गुडघा ओल्या टर्फला टेकवला
आणि काठीच्या नुसत्या धारेनं,
जमिनीलगत, सपकन...
फळीचा आवाज आधी आला,
चेंडू गेलेला नंतर कळला.
तीसच्या तीस पोरं ओरडली,
गोल कुणाचा याच्याशी त्यांना काय.
मलाही ओरडायचं होतं.
टेबलावरच्या माणसानं ओरडायचं नसतं.
मी लिहिलं: ४१, उरुग्वे, ११, मैदानी गोल.
आकडे नेहमीपेक्षा मोठे आले.

मलेशियानं शेवटच्या सत्रात तीन केले.
शिटी वाजली तेव्हा उन्हानं
टर्फ वाळत चाललं होतं
आणि शाळेची बस कधीच गेली होती.

ती आली सही करायला,
दातरक्षक अजून तोंडातच.
माझ्याकडे पाहिलं नाही, कुणाकडेच नाही.
पेन ओढलं, खरडलं.
या वेळी मनगट वळवायला विसरली,
घामेजल्या तळहातानं सही पुढच्या रकान्यात ओढत नेली
आणि माझा ४१ सुद्धा थोडा निळा झाला.

गुणपत्रक स्वच्छ असावं, असा नियम आहे.
दुसरा कागद माझ्या खणात होता.
मी खण उघडला,
चष्म्याची डबी काढली,
आणि बंद केला.