तीन रकाने

डॉक्टरीणबाई आरसा फिरवत बोलतात,
मी लिहून घेतो.
वरचा उजवा सहावा – किडलेला.
सातवा – काढलेला.
आठवा – तोही.
फॉर्म कानडीत, रकाने इंग्रजीत,
आणि उघडं तोंड कण्हतंय मराठीत.

यल्लुबाई, बावन्न, निपाणी.
उपाशीपोटी साखर दोनशे चाळीस.
मासिक उत्पन्न?
तिनं बोटं पुढं केली, नखांपर्यंत पिवळी.
"हजार इड्या वळल्या की हजाराचं.
पानं फाटकी निघाली की कमी."
पेन जरा वेळ हवेतच राहिलं.

मिश्री लावता?
"ती हाय म्हणून भूक गप असती."
गोळी रोज घेता?
"असली की रोज."
आधी का नाही आलात दाखवायला?
ती हसली, पदर ओठांवर धरून.
"एसटी आता बायकांना फुकट हाय, खरं.
दिवस कुठं फुकट हाय?"

पलीकडच्या खुर्चीत हेरेकर, टिळकवाडी,
सहकारी बँकेतून निवृत्त.
साखर दोनशे अडतीस.
कुंदा अजून सुटत नाही, हे ते लाजत कबूल करतात,
एखादं जुनं प्रेम सांगावं तसे.
दिव्याखाली त्यांचं तोंड चमकतं:
चांदी, पांढरं सिमेंट, मागे एक सोन्याची टोपी.
त्यांच्या डॉक्टरांचा दर सहा महिन्यांनी फोन येतो,
"या एकदा, बघून घेऊ."

संध्याकाळी बेरजा केल्या.
यल्लुबाई: किडलेले दोन, काढलेले नऊ, भरलेले शून्य.
हेरेकर: किडलेला एकही नाही, काढलेला एक,
भरलेले दहा.
शेवटच्या चौकटीत
इकडे अकरा, तिकडेही अकरा.
"बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"साखरेला गरीब-श्रीमंत कळत नाही."
त्या दमल्या होत्या. सकाळपासूनची चाळिसावी तोंडं.
मी मान हलवली
आणि जिभेनं माझी मागची फट चाचपली.
तिथला दात मी बारावीत असताना गेला,
फीच्या महिन्यात.

जाण्याआधी त्यांनी यल्लुबाईला समजावलं होतं:
साखर खाली आली की हे दोन्ही काढू.
पुढचा वाचेलही,
पण रूट कनालचे एवढे, वर टोपीचे एवढे.
तिनं आकडा ऐकला, हिशोब नाही केला.
फक्त म्हणाली,
"मागचा न्या. ह्यो पुढचा ऱ्हाऊ दे तसाच, दुखला तर दुखला.
इडीचा दोरा ह्यानंच तोडते मी.
कातरी उचलायची, ठेवायची,
तेवढ्यात दोन इड्या जात्यात."

हे लिहायला फॉर्मवर जागा नव्हती.
समासात लिहिलं, मराठीत, बारीक अक्षरात:
दात क्रमांक अकरा.
किडलेला.
कामावर आहे.