दोनशे बारा

रात्रीचे बारा. कूलरचा पंप गुरगुरतो,
खसाच्या ताट्या एका बाजूनं कोरड्या,
आणि पडद्यावर आमच्या पंचांगाच्या चुका
एकेक करून घर बदलताहेत.
नवा सर्व्हर तासाला चारशेच घेतो.
जास्त पाठवल्या की दार लावून घेतो.

दोन हजार तीनशे चुका, चौदा वर्षांच्या.
कुणाची एकादशी अधिक महिन्यात हरवली,
कुणाच्या फोनवर ‘ळ’चा चौकोन झाला,
एकानं नुसतं लिहिलं होतं, ‘चालत नाही’.
काय चालत नाही, ते आम्ही सहा वेळा विचारलं.
तीही नेतेय. टाकवत नाही.

जुन्या जागी चुकीला अवस्था होत्या:
नवी, मान्य, कुणीतरी घेतलेली, अडलेली, पुन्हा घडेना,
आणि एक खास आमची, ‘बघू’.
नव्या जागी दोनच. उघडी, बंद.
‘बघू’मध्ये एकशे सदतीस निघाल्या.
सगळ्या उघड्यात टाकल्या,
एक सोडून.

कारण दोनशे बारावर गाडी अडली.
‘तक्रारदार सापडला नाही.’
ग. रा. मुंगी, एजी ऑफिसातून निवृत्त, शिंदे की छावणी.
विषय: ग्वाल्हेरचा सूर्योदय एकवीस मिनिटं उशिरा होतो,
कृपया दुरुस्त करावा.

पुण्याच्या सलीलनं अक्षांश तपासले, रेखांश तपासले,
हवेत किरण किती वाकतो तेही नव्यानं मांडलं,
‘आमच्याकडे घडत नाही’ असं लिहून बंद केली.
मुंगींनी उघडली.
सोबत वहीच्या पानांचे फोटो. तारीख, वेळ, शेरा.
जानेवारीत चूक नाही. फेब्रुवारीत नाही.
एप्रिलपासून चढत जाते,
जूनमध्ये पुरी एकवीस,
दसऱ्यापर्यंत आपोआप बरी.
ऋतुमानाप्रमाणे येणारी चूक आम्ही पाहिली नव्हती.
लीप वर्षाला धरलं, त्यांच्या घड्याळाला धरलं,
एकदा तर मुंगींच्या मोतीबिंदूला.

शेवटी एका मे महिन्यात मीच गेले त्यांच्या गच्चीवर.
ईशान्येला किल्ला.
लश्करात जन्मलेल्याला तो दिसेनासा होतो,
आपलंच नाक दिसत नाही तसा.
सूर्य पलीकडे वेळेवर उगवला होता
आणि चढण चढत होता.
‘काका, ही चूक नाही. हा डोंगर आहे.’
त्यांचा टोस्ट चहात पडला. चमच्यानं काढता काढता म्हणाले,
‘ते मला ठाऊक आहे गं.
पण अर्घ्य मी कधी द्यायचं,
ते तुझं पंचांग कुठे सांगतं?’

पुढच्या वर्षी त्यांच्या पत्त्यावरून मेल परत आली.

नवी व्यवस्था म्हणते, खातं नसेल तर ‘अनामिक’ घालू का?
मी नको म्हटलं.
मजकुराच्या वर स्वतः टाइप केलं:
ही नोंद ग. रा. मुंगी यांची.
तिला क्रमांक मिळाला दोनशे नऊ.
आधीच्या तीन कर्जाच्या जाहिराती होत्या, त्या गळल्या.
पण आमच्या कोडात सात ठिकाणी लिहिलंय, ‘२१२ पाहा’.
आता तिथे पाहिलं
तर गुजराती अंकांची कुणाची तरी कुरकुर निघते.

छावणीत दारांवर दोन-दोन नंबर असतात,
जुना खडूच्या रंगाचा, नवा निळ्या पत्र्यावर,
आणि पोस्टमन जुनाच वाचतो.
मीही दोन्ही लिहिले, मध्ये तिरकी रेघ.

चारला वीज गेली. इन्व्हर्टरनं शिट्टी दिली, राउटर टिकला.
उरल्या सहाशे चाळीस.

पाच एकोणतीसला गच्चीवर आले.
फोन म्हणतो, उगवला.
शेजारच्या टाकीत पाणी चढतंय,
किल्ल्याची कड अजून काळी.
दोनशे नऊची अवस्था भरायची राहिलीच.
जाईन खाली.
अजून अठरा मिनिटं आहेत.