दोन्ही चालतात का

शुक्रवारी सकाळी अल-राईच्या जुन्या बाजारात
शफीकुलच्या ताडपत्रीवर सात रेडिओ,
गाड्यांमधून उपटून आणलेले. वायरी अजून लोंबतायत,
एकाच्या माइकला कुणाच्या तरी तोंडाची तपकिरी कड.
"डिजिटल, मुदीर. मिया मिया."
माणूस तोंडाकडून बघावा, रेडिओ पाठीकडून.
मी उलटा करतो.

स्टिकर निम्मं खरवडलेलं. ते असतंच.
नंबरातलं एक अक्षर मला हवं होतं, ते वाचलं
नखानं धूळ काढून.
पण अक्षरावर जाऊन मागे एकदा फसलोय,
बू मिशारीचे ऐंशी दिनार बुडवलेत.
यंत्राला डिजिटल बोलता येणं वेगळं
आणि बोलायची परवानगी असणं वेगळं,
आत सॉफ्टवेअरचं कुलूप असतं.
आम्हा अकाम्यावर जगणाऱ्यांना
हे कुणी वेगळं समजवायला नको.

शफीकुल ट्रकची बॅटरी ओढत आणतो.
लॅपटॉप, केबल, माझ्या गुडघ्यांची मांडणी.
पट्टी सरकते, थांबते, सरकते,
आणि मग आधीच्या मालकाचं सगळं उघडं पडतं:
गेट चार. वजनकाटा. कचेरी. पाण्याचा टँकर.
आणि बाराव्या चॅनेलवर नुसतं
अम्मार घर.
मी खाली जातो. डिजिटल: चालू.
अम्मारचं काय झालं ते यंत्रात नसतं.

आता खरी परीक्षा. शफीकुलच्या पोराला
माझा हातातला सेट देतो, स्लॉट लावून, कोड लावून,
आणि त्या गालिच्यांच्या दुकानामागे पाठवतो.
कुलूप असेल तर गिरणीचा पट्टा सुटल्यासारखं टर्रर्र ऐकू येईल.
नसेल तर पोरगं.
पोरगं आलं. इतकं स्वच्छ की दचकलो,
जणू माझ्याच खिशात बसून बोलतंय.
मग मी बोलतो. एक-दोन-तीन मी कधीच म्हणत नाही.
वाठार, आदर्की, सालपे, लोणंद, नीरा, वाल्हे, जेजुरी.
यंत्रात खोट असली की वाल्हे मोडतं.
"क्या बोला?" पोरगं विचारतं.
"जो सुना वो बोल."
"बाले," ते म्हणतं. चालेल. हिंदीत एवढंच निघतं.

पंचेचाळीस, शफीकुल म्हणतो.
मी उठत नाही.

मागच्या मार्चातल्या तूझमध्ये
सालमी रोडवर बख्तियारचा सतहा रस्ता सोडून गेला होता.
जुना सेट. आवाज कसला, नुसती वाळू.
तासभर मी कान लावून बसलो त्या खरखरीला,
आणि तिच्या तळाशी, चुलीत राखेखाली निखारा असावा तसं
काहीतरी होतं. दोनदा. "टंकी".
मग पुन्हा, "बायें टंकी".
तेवढ्यावर आम्ही त्याला गाठला.
डिजिटलमध्ये तळ नसतो.
पूर्ण माणूस येतो, नाहीतर
कुणीच येत नाही, आणि ती शांतता इतकी नीटनेटकी
की वाटावं, कुणी हाक मारलीच नव्हती.

कंपनीला बारा गाड्यांत डिजिटल हवं आहे.
बरोबर आहे. बील कमी, आवाज साफ,
कोण कुठे उभा आहे ते ऑफिसात दिसतं.
मी विरोध करणारा कोण.
फक्त विचारतो,
"जुनंपण चालतं ना यात? दोन्ही?"
शफीकुल माझ्याकडे असा बघतो
की नवीन टीव्ही घेताना कुणी मुंग्या मागाव्यात.
"दोन्ही," म्हणतो. "पण जुनं कशाला?"

तेही लावून बघतो. सोळाव्यावर.
खर्र. आहे.
मुंग्या शाबूत आहेत.

अडतीसला तुटलं. सातातले तीनच निघाले खरे,
बाकीच्या चारांना तोंड आहे, परवानगी नाही,
ते मी हळूच परत ताडपत्रीवर ठेवले, सरळ बाजूनं.
सोळावा मी तिन्हींत तसाच ठेवणार आहे,
ऑफिसच्या यादीत त्याला नाव असणार नाही.

पैसे मोजताना शफीकुलनं
खांद्यावरचा गमछा काढून दिला,
माइक पुसायला.