थांबा म्हणण्याचा तास

शनिवारी दुपारी तीनला, तिसऱ्या मजल्यावर,
जुन्या चादरींच्या खोलीत वर्ग भरतो.
गठ्ठ्यांवर बसतात नव्या मुली,
राऊच्या, देपालपूरच्या, एक थेट झाबुआकडची.
दाराशी भेरूलाल वॉर्डबॉय, अर्धा आत अर्धा बाहेर,
हाक आली तर पळता यावं म्हणून.
प्रोजेक्टर आहे. वायर नाही.
बरंच आहे.

टेबलावर मी दोन ॲम्प्यूल ठेवते.
सारखी उंची, सारखी काच,
अक्षरं मुंगीएवढी.
एकीत नुसतं पाणी, एकीत पोटॅशियम.
ओळखा.
कोणी वाकून बघते, कोणी खिडकीच्या उजेडात धरते.
रात्री दोनला खिडकी नसते, मी म्हणते.

पुढचं मी आधी सांगत नसे.

एकोणीस वर्षं झाली. स्नेहलतागंजातलं ते छोटं हॉस्पिटल,
नऊ नंबरला रामकन्याबाई,
अकरा नंबरलाही रामकन्याबाई.
माझ्या हातात रक्ताची पिशवी, काखेत फाइल,
डोळ्यांत दुसऱ्या रात्रपाळीची वाळू.
नाव जुळलं होतं.
नावच तेवढं जुळलं होतं.

धापूबाई फरशी पुसत होती.
तिनं पोछ्याचा दांडा माझ्या वाटेत आडवा धरला.
"सिस्टरजी, या वा नी हे."
रक्तवाली नागद्याची, तिच्या हनुवटीवर गोंदण.
ही सांवेरची. हिला तीन लेकी.
फरशी पुसता पुसता तिनं
फाइलीत नसलेलं सगळं विचारून ठेवलं होतं.

मी म्हटलं, तू तुझं काम कर.
हो, हेच म्हटलं.
आणि मग, का कोण जाणे,
पिशवी उलटी करून नंबर वाचला.
पिशवी बी पॉझिटिव्ह.
बाई ओ.

त्या रात्रीचं कुठंच काही लिहिलं गेलं नाही.
लिहिलं गेलं एवढंच:
कॉरिडॉर ओला ठेवून काम अर्धवट सोडलं,
धापूबाईचा अर्धा दिवस कापला.
खाली सही माझी.

वर्गात कोणी खोकत नाही.

आता सुतळीनं बांधलेली एक वही
ड्रेसिंग ट्रॉलीशेजारी लटकते.
काय होता होता राहिलं, कसं होणार होतं, एवढंच लिहायचं.
'कोणामुळे' असा रकाना आखलेला नाही;
डॉक्टर खासगीवाल्यांनी दोनदा आखायला सांगितला होता.
पहिला महिना वही कोरी.
ते म्हणाले, वा, एकही चूक नाही!
मी म्हटलं, सर, ही भीती आहे. स्वच्छ अक्षरातली.

पहिली नोंद भेरूलालची, हिंदीत, ओळ सोडून उतरत गेलेली:
स्ट्रेचरचा पट्टा तुटलाय, सुतळी बांधली.
कोणी पडलं नाही. आज.

दुसरी माझी. तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची.
धापूबाई आता कुठं असते, कुणालाच सांगता आलं नाही.
तिचा अर्धा दिवस माझ्याकडे निघतो.

मग सराव.
मी होते मोठा सर्जन, भुवया चढवते,
रिकामी सिरिंज घेऊन उशीकडे चालू लागते.
एकेकीनं मला अडवायचं.
सोपं वाटतं. घसा मिटतो.
कोणी हसते, कोणी सॉरी म्हणून बाजूला होते,
एकीनं तर मला वाट करून दिली.

थावरी मेडाची पाळी आली.
पहिल्यांदा ओठ हलले फक्त.
ऐकू आलं नाही, मी म्हटलं, आणि चालत राहिले.
दुसऱ्यांदा आवाज आला, पण जमिनीकडे.
मी चालत राहिले.
सुई उशीला टेकणार,
तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं,
हात बर्फासारखा, पकड विळ्याची:
"थांबा."

मॅडम म्हणायचं विसरली.
मी ते दुरुस्त केलं नाही.