आत काही द्रव आहे का?

ग्रिम्सबीच्या फ्रीमन स्ट्रीटवर
एक काउंटर, एक वजनकाटा, चिकटपट्टीचे सात रोल
आणि दिवसातून साठ वेळा माझा एकच प्रश्न:
आत काही द्रव आहे का?

लोक नाही म्हणतात.
मी खोकं कानाशी धरून हलवते,
नारळ पारखावा तसं.
आत डुचमळतं.
"अहो, ते तर नुसतं सिरप,"
जणू सिरपला वाहता येतच नाही.

पाच वर्षांत शिकले ते इतकंच:
बाटली काठोकाठ भरू नये.
वर बोटभर जागा सोडावी,
उंचावर हवेचा दाब उतरतो, आतलं फुगतं,
आणि फुगायला जागा नसली की झाकणावर राग काढतं.
झाकणाला चिकटपट्टीचे तीन वेढे. मग पिशवी. तिच्यावर आणखी एक.
मधे टिपून घेणारं काहीतरी, एवढं
की अख्खी बाटली फुटली तरी
शेजारच्या पार्सलला कळू नये.
मग कडक खोकं, त्यावर वर बघणारे दोन बाण.
बाणांकडे कोणी बघत नाही.
तरी काढायचे.

पुस्तिकेच्या आधी हे मला खोबरेलानं शिकवलं.
देवगडहून मावशीनं पाठवलेली बाटली
निघाली तेव्हा पातळ होती,
वाटेत कुठेशी अर्धी गळली,
उरलेली इथे पोचली ती पांढरी, थिजून दगड.
पार्सलवाल्यानं विचारलं, द्रव का घन?
म्हटलं, कुठल्या महिन्यात विचारताय?

मंगळवारी डोरीन कथबर्ट आल्या.
पर्समधून हिरव्या काचेची बाटली काढली,
तळाशी तीन बोटं काहीतरी.
नवऱ्याचं, दाढीनंतर गालाला लावायचं.
मुलगा अ‍ॅडलेडला. मयताला पोचू शकला नाही.
मी बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचली,
आणि त्या चौकटीतली ज्वाळा दाखवली.
"हे परदेशी जात नाही हो."
"तीनच बोटं आहे."
"तीन बोटंही पेटतात."

त्या जरा वेळ गप्प.
मग म्हणाल्या, चाळीस वर्षं बोटीवर होता,
डिझेल, रॉकेल, रम, माशाचं रक्त,
काय काय वाहून आणलं त्यानं अंगावर,
गोदीत कधी कोणी विचारलं नाही.

मागे रांग वाढत होती.
आमच्या भाषेत मन द्रवतं.
माझं द्रवलंही असेल,
पण त्या द्रवाला पुस्तिकेत क्रमांक नाही.
बाटली मी परत केली.
आणि बिल करायला कोणी नव्हतं म्हणून असेल,
सहज विचारलं, रुमाल वापरायचे का ते?

शुक्रवारी त्या पुन्हा आल्या.
निळ्या काठाचा रुमाल, चार घड्या.
दोन थेंब टाकून दोन दिवस मागच्या दारी दोरीवर वाळवलेला.
"राहिलाय का वास?"
मी नाक लावलं.
होता. साबणासारखा,
आणि त्याच्या खाली फार जुनं काहीतरी, दोरखंडाचं.
हाताला कोरडा. पूर्ण कोरडा.

तरी विचारावं लागतंच.
"आत काही द्रव आहे का?"
"होता," म्हणाल्या.

कस्टम्सच्या फॉर्मवर मी लिहिलं:
रुमाल, सुती, वापरलेला, नग एक.
किमतीचा रकाना कोरा ठेवता येत नाही.
त्यांनी पेन घेतलं, झाकण लावलं, पुन्हा काढलं,
एक पौंड लिहिलं,
आणि विचारलं, कमी तर नाही ना झालं?
मला उत्तर सुचलं नाही.
मी म्हटलं, चालतं.

त्या गेल्यावर
खोकं कानाशी धरलं, सवयीनं.
काही वाजलं नाही.
मार्कर उघडला
आणि वर दोन बाण काढले.